मला खो मिळाला होता

मला शुगर निघाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या खो-खो संघात पळतीला पहिल्या तुकडीत होते. समोरच्यांचा दम ताजा असतो तेव्हाच आम्हा तिघींना मैदानात सोडायचे. मी आत गेले की पोरी टाळ्या वाजवायच्या आणि मला त्याचा लई माज होता. खोटं कशाला बोलू?

मग महिनाभरात अंगावरचे कपडे ढगळ झाले. घागरभर पाणी प्यायले तरी घसा कोरडाच. अब्बांनी सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यावं लागेल, जन्मभर. शुगर तर म्हाताऱ्यांना होते, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असंल, हे अम्मी परतीच्या बसमध्येही बोलत होती. मी डॉक्टरांना एकच विचारलं होतं, खेळू का? ते म्हणाले, खुशाल खेळ. फक्त शुगर एकदम उतरली की माणसाला काही सुचत नाही, म्हणून सोबतच्या पोरींना सांगून ठेव.

तेवढंच मी केलं नाही. अब्बांचं येरमाळ्याला हायवेवर टायरचं दुकान. ही गोष्ट दुकानापर्यंत पोचली तर पोरीचं लग्न कसं जमायचं, असं त्यांचं म्हणणं. लग्न गेलं खड्ड्यात, मला संघातून काढतील याची भीती होती. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. आजारी पोरीला कोण घेतंय?

निवडीआधीच्या शिबिरात मी इन्सुलिनचं पेन पावडरच्या डब्यात ठेवायचे. जेवणाआधी बाथरूमला कडी लावून पोटात टोचायचं, मग सगळ्यांच्या शेवटी ताटावर जायचं. पोरी लाडू वाटायच्या, मी नको म्हणायचे. हळूहळू त्यांनी विचारायचं सोडलं. शिष्ट आहे म्हणायच्या. पंधरा पोरींच्या खोलीत मी भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि वाटायचं, कुणीतरी हलवून विचारावं, काय झालंय गं तुला. विचारलं असतं तर मी अंगावर धावून गेले असते, ते वेगळं.

एकीनं मात्र पिच्छा सोडला नाही. ती अणदूरकडची, वडील शेतकरी, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. आमच्या घरात दखनी. दोघींच्या मराठीला सर हसायचे, तिथूनच आमची जोडी जमली. बसतीला, म्हणजे पाठलागाची पाळी आली की, आमचा हिशोब ठरलेला होता. ती गडी हुसकावत माझ्यापर्यंत आणायची, मला खो द्यायची आणि मी उठून गडी मारायचे. संघात तिच्याइतका सफाईदार खो कुणाचा नव्हता.

निवडीच्या शेवटच्या सामन्याला सर म्हणाले होते, आधी जेवण, मग खेळ. मी टोचून घेतलं. बाहेर आले तर सगळ्या बूट बांधत होत्या. दुसरा सामना रद्द झाल्यानं आमचा आधी घेतला होता. आता काय करणार? इन्सुलिन पोटात गेलेलं, अन्न नाही. दोन बिस्किटं तोंडात कोंबली आणि जाऊन मैदानावरच्या माझ्या चौकात बसले. तेव्हा जरी तिच्या कानात सांगितलं असतं, तरी चाललं असतं.

शेवटच्या डावात बरोबरीला एक गडी हवा होता. घाम गार सुटला होता, समोरची माणसं लांब गेल्यासारखी वाटत होती. गडी माझ्या पुढ्यातच होता. पाठीवर तिचा हात बसला, खो ऐकू आला, दोन्ही मला कळलं. खो मिळाला की उठायचं असतं, एवढंच डोक्यातून निसटलं होतं. मी तशीच बसून राहिले. शिट्टी वाजली. फाऊल कुणाचा, ते त्या गोंधळात आमच्याकडं कुणालाच कळलं नाही. एका गुणानं हरलो.

कुणीतरी हातात सरबत दिलं, ते प्यायल्यावर माणसात आले. तोवर सर समोर उभे होते. का उठली नाहीस? ती शेजारी धापा टाकत होती. मी म्हणाले, "हात लागला न्हाय, सर."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली बघून म्हणाली, "असंल, सर. घाई झाली असंल."

निवडीच्या यादीत माझं नाव आलं, तिचं नाही. माझं खोटं तिला कळलंय, फक्त मोठेपणा दाखवून गप्प बसली, असं मी धरून चालले. म्हणून तिचाच राग करायला लागले. बघा म्हणजे! तिचे फोन आले, उचलले नाहीत. पुढं तिनं खेळ सोडल्याचं आणि अणदूरातच लग्न झाल्याचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी राज्याकडून चार वर्षं खेळले. दुसऱ्याच वर्षी सरावात चक्कर येऊन सगळ्यांदेखत पडले आणि बिंग फुटलं. वाटलं, संपलं आता. नव्या मॅडम म्हणाल्या, आधी सांगायचं की, बाई. दुसऱ्या दिवसापासून संघाच्या पिशवीत माझ्यासाठी ग्लुकोजचा पुडा यायला लागला. बस, एवढंच. कुणी काढलं नाही. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी शुगर निघाली तेव्हाही रडले नव्हते.

खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. धाराशिवला एक खोली घेतली आहे. चार वाजताच्या चहाला ऑफिसात कुणी पेढे वाटले तर आता मी सरळ सांगते, मला शुगर आहे. सांगायला किती सोपं आहे! सोपं आहे हेच सहन होत नाही.

यंदा एका रविवारी उठले आणि अणदूरची बस धरली. तिनं घराच्या पडवीत पिको-फॉलचं मशीन टाकलं आहे. मला बघून आधी ओळखलंच नाही, मग हाताला धरून आत नेलं. तिच्या आवाजात राग म्हणून नव्हता. चहा बिनसाखरेचा का, हे सांगता सांगताच मी सगळं सांगून टाकलं. सुई, बिस्किटं, आणि हात लागला होता ते.

तिनं मशीनवरची साडी उतरवून तिची घडी घातली.

"म्या तर धरूनच चालले की हात पोचला न्हाय," ती म्हणाली. "तू कशाला खोटं बोलशील? त्याच्यानंतर दर खोला वाटायचं, पोचला का न्हाय. दोन-दोनदा लावून बघायची. तेवढ्यात गडी निघून जायचा. सर कावायचे. मग म्हटलं, आपल्याला न्हाय जमत."

मी माफी मागत होते. ती ऐकत नव्हती.

"लागला होता व्हय," ती म्हणाली. "मग म्या खेळ कशापायी सोडला गं?"

ती थांबली होती, खरंच उत्तर पाहिजे म्हणून.