वैद्यकीय कारणास्तव

आमच्या भागात लग्नाआधी मुलीची चौकशी होते. मुलाचीही होते, पण जमीन किती, पाणी कुठलं आणि पितो का, एवढ्यावर ती संपते. मुलीची लांबत जाते. तिच्या गावात होते, तिच्या मामाच्या गावात होते, आणि मुलगी शिकत असेल तर कॉलेजात होते. या शेवटच्या चौकशीला अर्ज लागत नाही. ओळखीचा माणूस लागतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीची अशी चौकशी झाली तेव्हा ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. बहिणीचं गाव शेवगावच्या अलीकडे. घरचा ऊस, थोडी कपाशी, दारात गायी. मुलगी एसटीने कॉलेजात जायची. स्थळ सोनईकडचं होतं, मुलगा पुण्याजवळ नोकरीला. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मुलगी पसंत असल्याचा निरोप आला, आणि नंतर काहीच आलं नाही. मध्यस्थ साखर कारखान्यात कामाला होता. त्याने बाजारच्या दिवशी माझ्या मेहुण्यांना गाठलं. मी त्या दिवशी बहिणीकडे आलेलो होतो आणि बाजारात त्यांच्यासोबत होतो.

"त्यान्ला आता घाई न्हाई म्हनत्यात," तो म्हणाला.

"आधी तर लई घाई हुती," मेहुणे म्हणाले.

"कॉलेजात चौकशी केली त्यांनी. पोरीचा एक वर्षाचा गॅप निघाला."

"हाय की. आमी कुठं न्हाई म्हनलं?"

"कारण वैद्यकीय हाय म्हणे." एवढा एक शब्द त्याने शुद्ध आणि सावकाश उच्चारला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "दाजी, समजून घ्या."

मेहुण्यांनी समजून घेतलं. बारावी झालेली मुलगी वर्षभर घराबाहेर पडत नाही आणि कागदावर कारण वैद्यकीय असतं, तेव्हा लोक त्याचा एकच अर्थ लावतात. तो तोंडाने कुणी बोलत नाही.

खरं कारण क्षयरोग होतं. बारावीच्या परीक्षेनंतर खोकला सुरू झाला, वजन उतरलं, सरकारी दवाखान्यात निदान झालं. तिने गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला आणि ती बरी झाली. त्या काळात एक चुलती भेटायला आली होती. बहिणीने चहा दिला. चुलतीने कप हातात धरला, बोलत राहिली, आणि जाताना भरलेला कप तसाच खाली ठेवून गेली. मुलीने तो कप बघितला. कॉलेजात जाण्याआधी तिने आईवडिलांकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: हा आजार कुणाला सांगायचा नाही. वर्गात नाही, पाहुण्यांत नाही. ज्यांना आधीच माहीत होतं तेवढ्यांनाच राहू दे.

मेहुण्यांनी शब्द पाळला. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र करायला ते सेतू कार्यालयात गेले, तेव्हा टायपिंग करणाऱ्याने विचारलं, कुठला आजार टाकू? ते म्हणाले, नुसतं वैद्यकीय टाका. हा सगळ्यात निर्धोक शब्द आहे अशी त्यांची समजूत होती. कागद कॉलेजच्या फाईलला लागला. 'वैद्यकीय कारणास्तव एक वर्ष शिक्षणात खंड पडला.' त्या फाईलीत तिचा फोटो, घरचा पत्ता, जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येक परीक्षेचे गुण होते.

मी मेहुण्यांना घेऊन कॉलेजात गेलो. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात काम केलं आहे, आणि हेडक्लार्क मला त्या नात्याने ओळखत होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"साहेब, तुमच्या भाचीचं आम्ही वाईट काय सांगितलं?" ते म्हणाले. "हुशार आहे, हजेरी चांगली, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. असंच सांगितलं."

"आणि खंड?"

"तो तर आहेच ना. कागदावर असलेलं मी कसं लपवू?"

"फाईल दाखवली?"

"छे. कागदाला हात लावू दिला नाही कुणाला. वाचून दाखवलं फक्त."

मेहुण्यांनी विचारलं, कोण आले होते. हेडक्लार्कांनी चहाची बशी पुढे सरकवली. "आपल्यातलेच होते हो. बाहेरच्याला आम्ही दारात उभं करत नाही."

"ओळखपत्र बघितलं का?" मी विचारलं.

ते मनापासून हसले. "लग्नाच्या चौकशीला आलेल्या माणसाकडे आधार कार्ड मागू? उद्या माझ्या पोरीची चौकशी करायला मी जाणारच आहे की कुठंतरी."

त्यांना यात काही वावगं झालं असं वाटत नव्हतं. ते नाटक करत नव्हते, हे मी नोंदवून ठेवतो. त्यांच्या हिशोबी फाईल म्हणजे कागद, आणि कागद कपाटाबाहेर गेला नव्हता.

प्राचार्य जास्त सावध होते. असं व्हायला नको होतं, असं ते म्हणाले. समज देतो, असंही म्हणाले. निघताना मला दारापर्यंत पोचवायला आले. "तुम्ही यावर लिहाल, ते तुमचं कामच आहे. पण मुलगी कोण, हे लोक दोन दिवसांत शोधतील. कॉलेजचं काय, कॉलेज राहील."

हे धमकीसारखं होतं आणि खरंही होतं. मी बातमी केली नाही. नाव न छापता ती करता आली असती, पण आमच्या तालुक्यात न छापलेलं नाव छापलेल्यापेक्षा लवकर पोचतं.

त्याऐवजी मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. मुलीच्या अभिलेखातली माहिती कुणाला दिली, कुणाच्या परवानगीने दिली, एवढंच विचारलं. उत्तर पोस्टाने आलं. पत्रावर जिल्ह्याचं नवं नाव छापलेलं होतं, टपालाचा शिक्का मात्र नीट उमटला नव्हता. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की अशी कोणतीही माहिती कार्यालयाने लेखी स्वरूपात दिलेली नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की कार्यालयात भेटीस येणाऱ्या व्यक्तींची नावं ही त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती असल्याने ती उघड करता येत नाही. जो माणूस तिची फाईल ऐकून गेला त्याची गोपनीयता कॉलेजने काटेकोरपणे जपली होती. भाषेत चूक नव्हती. मी अपील केलं. अपिलात हेच उत्तर थोड्या मोठ्या अक्षरात आलं.

मुलगी या काळात कॉलेजात जात होती. तिला सगळं कळलं होतं. स्थळ गेल्याचं तिला काही वाटलं नाही, ते तिने मागितलंच नव्हतं. तिला बीएस्सी पूर्ण करायचं होतं आणि पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करायचं होतं. लोक जे बोलत होते ते तिच्या कानावर येत होतं. मैत्रिणींपैकी एकीने तिच्याशेजारी बसणं बंद केलं. मुलीने कुणाला खुलासा दिला नाही.

बोलली बहीण. म्हणजे, तिच्याने राहवलं नाही. नात्यात एक बारसं होतं. सगळ्या बायका जमणार होत्या, सोनईकडच्याही. बहिणीने कपाटातून दवाखान्याचं जुनं उपचाराचं कार्ड काढलं. त्यावर मुलीचं नाव होतं, रोग होता, कुठली गोळी कधी घेतली ते होतं, आणि शेवटी 'बरी झाली' असा शेरा होता. ते चुरगळलं होतं म्हणून तिने बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन त्याला लॅमिनेशन करून आणलं. हातोहात फिरलं तरी फाटू नये, म्हणून.

बारशात ते हातोहात फिरलं. बायकांनी तारखा ताडून बघितल्या. एकीने चष्मा लावून वाचलं. "अगं बाई, हे व्हतं व्हय," असं म्हणून त्यांनी बहिणीची समजूत काढली. संध्याकाळपर्यंत मध्यस्थाचा फोन आला. त्याने सोनईकडच्यांचा निरोप सांगितला. बरं झालं, वेळेवर कळलं, त्यांच्या घरात लहान लेकरं आहेत.

मुलीला हे एसटीत कळलं. गावच्याच एका बाईने शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसता बसता विचारलं, आता खोकला कसा आहे?

ती घरी आली तेव्हा मी तिथे होतो. दप्तर खांद्यालाच होतं.

"आई, तू कार्ड दाखवलंस?"

"दाखवलं," बहीण म्हणाली. "लोक काय वंगाळ बोलत हुते, तुला म्हाईत न्हाई का? आता सगळ्यान्ला खरं कळलं."

"तुला कुणी विचारलं होतं?"

"इचारत कोन न्हाई. मागं बोलत्यात."

"मग बोलू द्यायचं."

"कसं बोलू द्यायचं? तुझ्या आब्रूचं हाय ते."

मुलीने दप्तर उतरवलं. "आई, ते बोलत होते ते खोटं होतं. ते माझं नव्हतंच, त्यांचं होतं. कार्ड माझं होतं."

"मी आई हाय तुझी," बहीण म्हणाली. "मला बी अधिकार न्हाई का?"

मुलगी आत गेली. बहिणीने माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, मी चुकीचं काय केलं सांग बरं?" तिला उत्तर हवं होतं असं मला वाटत नाही. मेहुणे गोठ्यात निघून गेले.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर मुलीने नगरच्या कॉलेजात बदली मागितली. मेहुण्यांनी सह्या केल्या, बाकीचं तिने स्वतः केलं. प्रवेशाच्या दिवशी मी सोबत गेलो, कारण पालक लागतो. खिडकीवर रांग होती. आतल्या माणसाने कागद चाळले आणि मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "खंड कशामुळे?"

"प्रतिज्ञापत्र जोडलंय," ती म्हणाली.

"वैद्यकीय लिहिलंय. वैद्यकीय म्हणजे काय?"

"तेवढंच लिहायचं असतं."

"अगं, साधं विचारतोय."

"हो सर. मी पण साधंच सांगतेय. हे कागद कोणकोण बघतं?"

तो माणूस पहिल्यांदा वर बघत म्हणाला, "कोण बघणार? फाईलला लागतात." मग त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. पालकांच्या मोबाईल क्रमांकाच्या रकान्यात तिने स्वतःचाच नंबर लिहिला होता. हजेरी, फी, निकाल, या सगळ्याचे मेसेज तेव्हापासून तिलाच येतात. ती होस्टेलला राहते. सणाला घरी येते, कामाला हात लावते, विचारलं तर नीट उत्तर देते. कॉलेजचं मात्र काही सांगत नाही. वर्गात मैत्रीण आहे का, कुठला विषय जड जातो, काही नाही. बहीण विचारते, ती म्हणते, चाललंय.

यंदा तिचं शेवटचं वर्ष होतं. निकाल लागल्याची बातमी मी वाचली, आणि त्याच दिवशी बहिणीचा फोन आला.

"दादा, पोरीचा निकाल लागला का रे?"

"लागलाय म्हणतात."

"पास झाली का?"

"तिला विचार."

"ती न्हाई सांगत. लागला की सांगते म्हनली, आन आता फोन उचलत न्हाई. तू बघ ना जरा. मोबाईलवर दिसतो म्हनं. शेजारणीच्या पोराचा तसाच काढला."

मी सांगितलं की त्याला परीक्षेचा बैठक क्रमांक लागतो.

"त्यो न्हाई माह्याकडं. पन त्यो आन आईचं नाव लागतं म्हनत्यात. आईचं नाव टाकल्याबिगर उघडतच न्हाई." मग म्हणाली, "ते तर माझंच हाय ना रे."

मी म्हणालो, हो, तुझंच आहे. क्रमांक मात्र तिच्याकडे आहे.

"मंग तू माग तिला. तुला दील."

"मी मागणार नाही," मी म्हणालो.

बहिणीने फोन ठेवला नाही. मग तिने विचारलं, निकाल वाईट लागला असता तर पोरगी रडली असती, तसं काही तुला कुणाकडून कळलं का? मी नाही म्हणालो. मला खरंच माहीत नव्हतं, आणि अजून नाही.