बासी खाल्लेले उंदीर

पिंजऱ्याला हात लावण्याआधी आमचे सर दोन्ही तळहात चोळून गरम करून घेत. मे महिना असला तरी. आमच्यापैकी कोणी घाईने हात घातलाच, तर म्हणत, "तुह्या मानेले कोणी असा थंडा हात लावला तं कसं वाटन?"

रायपूरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात ते औषधशास्त्र शिकवत. वर्गात एप्रनचं एक बटण उघडं दिसलं की पोरगा बाहेर. प्राणिगृहात मात्र त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा फणस असेलच.

माझं पीएच.डी.चं काम तोंडातल्या जखमांवर होतं. पांढऱ्या उंदराला भूल देऊन गालाच्या आत ॲसिटिक ॲसिड टेकवायचं, की जखम होते. मग निम्म्यांना बाभळीच्या सालीचं जेल लावायचं, निम्म्यांना औषध नसलेलं नुसतं जेल, आणि कोणाची जखम आधी भरते ते पाहायचं. वाचायला क्रूर वाटतं ना? करायलाही वाटतं. विषय सरांनीच दिलेला. कॅन्सरच्या औषधांनी त्यांच्या पत्नीचं तोंड असं आलं होतं की शेवटी पाण्याचा घोटही जाईना. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहाच्या टपरीवर, रस्त्याकडे बघत.

माझी मुदत वाढवून वाढवून संपत आली होती आणि निकाल आला तो असा: औषध न मिळालेले उंदीर औषधवाल्यांइतकेच झपाट्याने बरे झालेले, वर अंगानेही चांगले भरलेले. म्हणजे जेल कुचकामी आणि माझी सगळी वर्षं पाण्यात. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

विभागाच्या बैठकीत कोणी म्हणालं पिंजरे अदलाबदल झाले, कोणी म्हणालं ॲसिड पातळ पडलं. सरांनी आकड्यांचा कागद बाजूला सारला. मग उभे राहिले.

"डोकं नका खपवू. त्या बिनऔषधवाल्यांले मी बासी खाऊ घालत होतो."

बासी म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी खातात. उंदरांच्या खाण्याच्या कडक गोळ्या जखमेला टोचतात, म्हणून ते खायचं टाळतात. सरांनी डब्यातून मऊ भात आणून दिला, पोट भरलं, जखमही भरली.

"पण काहून, सर?" माझा आवाज चढला होता.

"दुसऱ्यांले दवाई तरी होती. याहिले कोण होतं? तसंही याहिचं आयुष्य केवढंसं."

मला त्यांचा भयंकर राग आला. नंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

ते गप्प बसले असते तर विभागाबाहेर कोणाला काही कळलं नसतं. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे ते आपण होऊन गेले. त्यांच्याहून लहान माणसांनी त्यांना चांगलंच सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी प्रयोग पुन्हा मागून आणला. या वेळी सगळ्याच उंदरांना मऊ खाणं मिळणार होतं; ही अट सरांची. प्रयोग संपेपर्यंत सरांनी प्राणिगृहात पाऊल टाकायचं नाही, ही समितीची.

मग ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. मी बाहेर आले की रोजचा प्रश्न, "खाऊन राहिले का?"

एका सकाळी मी म्हटलं, "सर, खाऊन राहिले. दवाईवाले पहिले."

"बरं झालं," ते म्हणाले. "आन दुसरे?"

"त्याहिले टाइम लागन."

"मंग बसतो मी."

आणि बसले. माझा राग त्या दिवशी गेला.

प्रबंध झाला. सर निवृत्त होऊन मुलीकडे नागपूरला गेले. त्यांच्या खोलीत आता मी बसते, आणि त्यांच्यासारखं रागावणं मला काही जमत नाही. विभागाला त्यांच्यावाचून करमत नाही, हे खरं.

यंदा जेलची माणसांवरची चाचणी सुरू झाली. बीरगांवचे एक काका, कारखान्यात होते, कॅन्सरच्या औषधांनी तोंड आलेलं. कित्येक दिवस नुसत्या पातळ पेजेवर होते. परवा ते भात जेवले. मी वॉर्डातूनच नागपूरला फोन लावून ते सरांना सांगितलं.

"पण सर, त्याहिले दवाईचं जेल भेटलं का नुसतं, ते मले माहीत नाही. चाचणी संपेपर्यंत कळतही नाही."

"ते राहू दे," सर म्हणाले. "नुसताच भात देल्ला का त्याहिले? वरण होतं ना संग?"