ब्रुजच्या मनोऱ्याखाली

दुबईत, अल बर्शाच्या मॉलमध्ये, भाजत्या वॉफलचा तूप-साखरेसारखा वास आला आणि मी तिथल्याच बाकावर टेकलो.

असाच वास ब्रुजच्या चौकात होता. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. जबल अलीच्या आमच्या कंपनीने मला कामासाठी बेल्जियमला पाठवलं होतं, आणि बायको, सुधा, हौसेने सोबत आली होती. सुट्टीच्या दिवशी आम्ही ते जुनं गाव बघायला गेलो. दगडी गल्ल्या, कालव्याचं काळसर पाणी, आणि चौकात घंटांचा उंच मनोरा.

"तुम्ही वर जाऊन या, मी इथे बसते," सुधा म्हणाली.

वरून लाल कौलं दिसली, आणि बाकावर तिची निळी शाल. मी हात हलवला, पण ती पुढे वाकली होती. मला वाटलं, बुटाची नाडी बांधतेय.

खाली आलो तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थंडी आहे हो. वरून काय काय दिसलं, सांगा ना."

मी सांगत गेलो. ती डोळे मिटून ऐकत होती.

"पुढच्या वेळी दोघं चढू," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," ती हसून म्हणाली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात बर दुबईच्या घरी तिचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, बेल्जियमला निघण्याआधीच त्यांनी तिला प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं. "परत आल्यावर ह्यांना सांगते," असं ती म्हणाली होती.

परत आल्यावर तिने बॅगा उपसल्या, शेजारणींना चॉकलेटं वाटली, माझे शर्ट धुतले. सांगितलं काहीच नाही.