वरवंडच्या आप्पांचं मत

दौंडच्या गाडीत खिडकी मिळाली आणि मी मनाशी म्हटलं, आता वरवंडचे आप्पा माझ्या तावडीतून सुटत नाहीत. सकाळी सकाळी लोकांना बोलतं करणं हा माझा पोटाचा धंदा. पुण्याहून रेडिओवर रोज एक विषय मांडायचा, फोन घ्यायचे आणि सगळ्यांना वेळेत गप्प करायचं. हे मला चांगलं जमतं, उगाच विनय कशाला? फक्त रोज फोन करणाऱ्या या आप्पांचा थांग लागत नव्हता. लग्नात डीजे नको, असं सोमवारी ठणकावणार आणि गुरुवारी डीजेशिवाय वरात कसली, असं विचारणार. एकदा मी त्यांना भर कार्यक्रमात 'तळ्यात-मळ्यात' म्हटलं, तर नुसते हसले. हा माणूस एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली होती.

मुक्काम दौंडला मावसबहिणीकडे. तिचं घर रुळांना लागून. गाडी आली की तिथली माणसं वाक्य अर्ध्यावर थांबवतात आणि गाडी गेली की नेमका पुढचा शब्द उचलतात. आमच्या कार्यक्रमातल्या तज्ज्ञांना इथे आठवडाभर ठेवायला हवं.

पहाटेच्या एसटीने वरवंड गाठलं. हायवेच्या कडेला टेम्पोत माळवं (भाजीपाला) चढत होतं. आप्पांची डेअरी कुणालाही विचारली तरी सापडते. दूध घालायला आलेल्यांची रांग बाहेरपर्यंत आलेली, आत खिळ्याला रेडिओ टांगलेला आणि त्यावर माझ्या जागी बसलेला सहकारी विचारत होता, जत्रेत तमाशा हवा की ऑर्केस्ट्रा? रांगेत लगेच जुंपली. तेवढ्यात कानटोपी घातलेले एक गृहस्थ म्हणाले, "हात वर करा." तेच आप्पा. बहुमत ऑर्केस्ट्राला पडलं. आप्पांनी डेअरीचा फोन उचलला आणि ठासून सांगितलं, वरवंडला ऑर्केस्ट्राच पाहिजे.

मी पुढे होऊन ओळख सांगितली आणि विचारलं, "आप्पा, तुम्ही तर तमाशाला हात वर केला होता."

"व्हय. पर ठरलं ऑर्केस्ट्रा."

"मग दुसऱ्या कुणी बोलायचं ना!"

"आवाज माझा बरा हाय. ज्याचा आवाज त्याचं मत न्हाई, असा नियमच हाय हितं. न्हाईतर रोज भांडणं. तुम्ही तळ्यात-मळ्यात म्हणाला, तवा आख्खी डेअरी हसली."

म्हणजे इतके दिवस मी एका माणसाशी नाही, अख्ख्या रांगेशी वाद घालत होते. माझा चेहरा बघून त्यांनी चहा मागवला.

पुढे एका कामासाठी शिरूरला जाणार म्हटल्यावर आप्पा घरी गेले आणि खरवसाचा डबा घेऊन आले. "गाय व्यालीय. आमची अश्विनी रांजणगावला कंपनीत हाय, शिरूरला खोली करून ऱ्हाती. तिला लई आवडतो." मग डब्याचं झाकण पुन्हा दाबत म्हणाले, "महिना झाला, घरी न्हाई आली. ओव्हरटाइम हाय म्हंती. रागावलीय का काय, कळंना." ते असं बोलले की मला डबा एकदम जड वाटला.

चौफुल्याहून न्हावऱ्याच्या वाटेला लागलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पारगावजवळ भीमा ओलांडताना गाडीने असा दणका दिला की डब्याचं झाकण उडालं आणि गुळाचं पाणी माझ्या पिशवीत उतरलं. वेलचीचा वास गाडीभर. शेजारच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कुणाची गाय व्याली म्हनायची?" खरवस तेवढा वाचला.

शिरूरला आप्पांनी सांगितलेल्या थांब्यावर तिसऱ्या प्रहरी कंपनीची बस पहिल्या पाळीच्या लोकांना घेऊन आली. अश्विनी उतरली, गळ्यात ओळखपत्र, चालणं वडिलांसारखं ताठ. मी ओळख सांगून डबा पुढे केला. झाकण उघडताच ती खुलली आणि लगेच तिने ते परत लावलं.

"आप्पांनी दिला?"

"हो. तू घरी का जात नाहीस?"

"तुमच्याच प्रोग्रॅममुळं," ती म्हणाली. "पोरीचं लग्न आधी, नोकरी मागनं, असं आप्पांनी रेडिओवर सांगितलं. आमचा ड्रायव्हर रोज तुम्हालाच लावतो. बसमधल्या सगळ्या पोरी माझ्याकडं बघाय लागल्या. घरी गेलं की स्थळ तयार असणार, म्हून मी जातच न्हाई."

मी विजयी मुद्रेने डेअरीचा नियम समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं.

"मग त्यांचं सोताचं मत काय हाय?"

वर्षानुवर्षं गावोगावची मतं विचारते मी, पण आप्पांना त्यांचं कधी विचारलंच नव्हतं.

"तूच विचार की फोन करून."

"नगं. खरंच लग्न आधी म्हणाले तर?"

मी तिला म्हटलं, "उद्या बसमध्ये कान देऊन ऐक."

परतीच्या एसटीत रांजणगावच्या पुढे उभं राहायलाही जागा नव्हती आणि कोरेगाव भीमाजवळ सगळी वाहतूकच थांबली. तिथे ताटकळताना मला जाणवलं, की मी मैलोगणती जाऊन आले ती एका माणसाला एक प्रश्न विचारायचा राहिला म्हणून. मला थोडी धास्तीही वाटली. उत्तर वाईट आलं तर ते सगळ्या जिल्ह्यासमोर येणार होतं.

दुसऱ्या दिवशी विषय होता गावातल्या सीसीटीव्हीचा. आप्पांनी डेअरीचं मत दिलं. मग मी विचारलं, "आप्पा, मागे मुलींच्या लग्न-नोकरीवर तुम्ही डेअरीचं मत सांगितलंत. तेव्हा तुमचा हात कुठे होता?"

मागे किटल्या वाजत होत्या.

"नोकरीकडं," आप्पा म्हणाले. "माझा एकट्याचाच हात होता तिकडं. पोर मशीन चालवती माझी. लग्न ती म्हणंल तवा."

मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, नियम!"

"ऱ्हाऊ द्या नियम आजच्या दिस."

तेवढ्यात दुसरी लाइन लुकलुकली. बसचा आवाज, पोरींचा गलका आणि त्यात अश्विनी. "ताई, गेटवर मोबाईल जमा करावा लागतो, लवकर सांगते. आप्पांना म्हणावं, फोन ठेवा. मी डेअरीला लावतीया, एंगेज लागतोय."

आप्पा अजून काहीतरी बोलत होते. मी त्यांची लाइन तोडली. जाहिरातींना अवकाश होता. तोवर मी एकटीच बोलत राहिले, कशावर ते आता आठवत नाही.