काजळानं झाकलेली बट

"गिऱ्हणात हिनं भाजी चिरली, डॉक्टरीणबाई. म्या मना केलं होतं. पाहा आता पोरीचं काय झालं!"

काटोलहून आलेल्या सासूबाई तपासणीच्या टेबलापाशी ठाण मांडून बोलत होत्या. शेजारी त्यांचा मुलगा. सून मान खाली घालून उभी. टेबलावर दीड वर्षाची चंदा. कपाळावर पांढरीशुभ्र बट, डोळे निळे. पाठीमागून थाळी बडवली तरी तिनं वळून पाहिलं नाही. दोन्ही कानांनी बहिरी. बाहेर बाकाखाली सुनेची ट्रंक होती. इथूनच तिला लेकीसकट प्रताप नगरला माहेरी सोडायचं ठरलं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात मी लहान मुलांची डॉक्टर म्हणून नवीन होते. मोठ्या सरांचा नियम कडक: आईशिवाय बाकी गर्दी बाहेर. आमच्याकडे पेशंट एकटा येतच नाही, आख्खं घर येतं.

"मावशी, बाहेर बसा," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. त्या ढिम्म. माझा पारा चढला. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "त्या कानानं ऐकू नाही येत मायले. इकडून बोला जी."

मी थबकले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांपासून जरा जास्तच लांब. मुलाचे तसेच. चंदाचेही तसेच. सुनेचे मात्र तुमच्याआमच्यासारखे.

सर दारातून डोकावले. "ही गर्दी कशाला?"

"राहू द्या सर. गर्दीच तपासतेय."

मग दुसऱ्या बाजूला जाऊन विचारलं, "मावशी, तुमचे केस केव्हा पिकले?"

त्यांनी पदर पुढे ओढला. मग म्हणाल्या, "समोरची बट जन्मापासूनच पांढरी. लग्नात मायनं काजळ लावून झाकली. मंग सगळेच पिकले, कोणाले समजलं नाही."

पुस्तकात वाचलेला सिंड्रोम तीन पिढ्यांसकट समोर उभा होता. गर्भात रंगाच्या पेशी पाठीच्या बाजूनं निघतात आणि सरकत सरकत कपाळाला, डोळ्यांना, थेट कानाच्या आत पोचतात. ऐकू येण्यासाठीही त्या लागतात. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेली सूचना. तिच्यात बारीकसा बदल झाला, म्यूटेशन झालं, की काही पेशी वाटेतच राहतात. आजीचा एक कान गेला, बापाचं काहीच बिघडलं नाही, नातीचे दोन्ही गेले. तोच बदल, तीन तऱ्हा! मला आजही याचं नवल वाटतं.

"संत्र्याची एखादी फांदी कधी वेगळंच फळ धरते ना?" काटोल म्हणजे संत्र्यांचा मुलूख, म्हणून मी मुलाला विचारलं. "तिचं कलम बांधलं तर?"

"तसंच फळ येते जी."

"त्यात जमिनीचा दोष?"

तो बायकोकडे पाहत राहिला.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "मले पयल्याच दिवशी उमजलं होतं. मलेच बोल लावतीन, म्हून भेव वाटलं."

"बोल कुणालाच नाही, मावशी. तुम्हालाही ते कुणाकडून तरी आलं असेल."

औषध नव्हतं, आजही नाही. मूकबधिर मुलांच्या शाळेचा पत्ता तेवढा दिला. ते जनुक तर पुढे कित्येक वर्षांनी सापडलं.

निघताना सासूबाईंनी ट्रंक स्वतःच उचलली. "चाल वं," सुनेला म्हणाल्या, "काटोलची गाडी सुटून राहिली."

सरांचा नियम मी त्यानंतर पाळला नाही. वारशानं आलेला आजार ओळखायचा तर घरचे खोलीत हवेत. भांडत असले तरी चालतील.