उपरण्याची ऊब

शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, त्यामुळे शुद्धलेखन चुकणार आणि अक्षरही किरटं. या वहीनं सांभाळून घ्यावं.

गेल्या महिन्यात पक्षाच्या वॉर्ड समितीत आम्हा गल्लीतल्या बायकांचा प्रवेश झाला. अध्यक्ष, सचिव, खजिनदार खुर्च्यांवर बसले होते आणि आम्ही सतरंजीवर. स्वागताचं उपरणं एकच होतं. एकीच्या गळ्यात घालायचे, फोटो काढायचे आणि तेच काढून दुसरीला घालायचे. माझ्या गळ्यात आलं तेव्हा त्याला शेजारच्या सखूबाईच्या मानेची ऊब होती. साऱ्या समारंभात तेवढीच मला खरी वाटली.

सभासद वर्गणी वीस रुपये. महिला अध्यक्ष कमलताईंनी ती सगळ्यांची परस्पर भरली होती. रेशनकार्डावर माझं नाव नवऱ्याच्या नावाखाली आहे. पक्षाच्या सभासद यादीत ते पहिल्यांदाच एकटं उभं होतं. पण दुसऱ्याच्या पैशानं उभं राहिलेलं नाव आपलं कसं म्हणायचं? आणि आपलं नसेल, तर गल्लीच्या नळाला पाणी येत नाही हे बैठकीत कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्याच दिवशी ताईंकडे गेले. पदराला दहाच रुपये होते.

"अगं वेडे, तुझ्या वीस रुपयांत मी बंगला बांधणार आहे का?"

"तरी घ्या, ताई. मला बैठकीत बोलायचंय."

त्या हसायच्या थांबल्या. दहाची नोट त्यांनी घेतली.

आज शिवणाचे पैसे आले. बैठक सुरू होण्याआधी उरलेले दहा ताईंच्या हातावर ठेवले. मग सतरंजीवर बसले आणि नळाचा विषय निघायची वाट न बघता हात वर केला. वीसच्या वीस रुपये फिटले होते.