घसा शिकवणाऱ्या बाई

दोन बोटं गळ्यावर ठेवून बाई वर्गाला म्हणायच्या, "गिळा." सगळी पोरं एकदम गिळायची. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवत असे. भिंतीपलीकडची ती क्षणभराची शांतता मला ओळखू यायची. मग बाईंचा आवाज येई, "कंठ वर सरकला का? त्या टायमाला श्वासनळीवर झाकण पडतं. म्हणून आधी चावा, मंग बोला."

भोकरदनच्या आमच्या शाळेत त्या विज्ञानाला होत्या. भाकरीचा कोरडा तुकडा त्या पोरांना इतका वेळ चघळायला लावत, की तो गोड लागू लागे. "ही लाळेची करामत. पचन पोटात न्हाई, तोंडातच सुरू होतं." एखाद्याने तसाच गिळला तर त्याला नवा तुकडा. तुकडे बाईंच्याच डब्यातले. पोरं आवडीने खायची.

आम्ही शिक्षक खात नव्हतो.

बाई तीर्थपुरीकडच्या बौद्ध कुटुंबातल्या. मधल्या सुट्टीत टेबलावर सगळ्यांचे डबे फिरायचे, त्यांचा फिरायचा नाही. उघड कोणी काही बोलत नसे. तुम्हीही अशी टेबलं पाहिली असतील. कोणाचा उपवास निघे, कोणाचं पोट बराबर नसे. मी एकदा म्हणालो, "मला वांगं चालत नाही, बाई." त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं. दुसऱ्या सरांच्या डब्यातल्या वांग्याचं देठ तिथंच पडलं होतं. बाईंनी आपल्या डब्याचं झाकण लावलं.

एका दुपारी हेडसर पेरू खाता खाता मोठ्याने हसले आणि हसू मध्येच तुटलं. खोकला येईना, आवाज निघेना. दोन्ही हात गळ्याला, चेहरा काळानिळा. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावलो.

"पाणी नका देऊ! सरका!" बाई ओरडल्या. मागून त्यांनी हेडसरांना घट्ट धरलं, बेंबीच्या वर मूठ दाबली आणि आत-वर हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला पेरूची फोड टेबलावर येऊन पडली. हेडसर खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. 

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून शिरा करून आणला. "सर, थोडा घ्या. मऊ आहे, घशाला लागणार न्हाई."

"घसा लई दुखून राह्यलाय, बाई. काहीच गिळवत न्हाई," हेडसर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी क्लार्कच्या डब्यातली भाकरी ठेच्याशी खाल्ली.

व्हरांड्यात बाई मला म्हणाल्या, "घसा दुखतो हे खरंच असंल. दोन दिवस दुखतोच."

मी मान हलवली. 

त्यानंतर त्या प्रयोगशाळेत एकट्या जेवू लागल्या. दार उघडं असायचं. मी रोज त्या दारावरून जायचो.

पुढच्या वर्षी त्यांनी जालन्याला बदली मागून घेतली. निरोपाला हेडसरांनी शाल दिली. "बाईंमुळं मी आज जिवंत आहे," असं त्यांनी भरल्या आवाजात सांगितलं. टाळ्या झाल्या. मग बाईंनी पिशवीतून पेढ्यांचं खोकं काढलं. वरचा दोरा तसाच होता.

"स्टँडजवळच्या हॉटेलातून आणलेत," त्या म्हणाल्या. "मी उघडले पण न्हाईत. खा बिनधास्त."

कोणी मान वर केली नाही. पण खाल्ले सगळ्यांनी. हेडसरांनी घेतले, मी दोन घेतले. बाईंनी एकही घेतला नाही. खोकं रिकामं होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि मग शाल हातातच धरून गाडीला निघून गेल्या.